कनू कॅम्पिंग: पहिल्या रात्रीचं ताजं जेवण

कॅनडातल्या अल्गोंक्विन पार्कात, म्हणजे तळ्यांच्या जंगलात, कनूने (वल्ह्याच्या लांबट होडीने) आत जाणार असाल, तर पहिल्या रात्री तरी पाकिटातलं सुकं जेवण नको. दिवसभर वल्हं मारल्यावर रस्सा-भातच हवा. बोनलेस चिकनला दही, आलं-लसूण, हळद, तिखट लावा. झिपच्या दोन पिशव्यांत जाड ठोकळा करून फ्रीझरमध्ये पक्का गोठवा. निघताना वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा. संध्याकाळी ठोकळ्याच्या मधे अजून थोडा बर्फ हाताला लागायला हवा. कोमट झालं असेल तर शिजवू नका, म्हणून खिचडीचं सामान जवळ असू द्या. कांदा घरीच चिरा. टिनचे डबे, काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे. आणि संपेल एवढंच न्या, उरलेल्याच्या वासाने अस्वलं येतात.