फ्रेंचमध्ये नकार देताना या चुका टाळा

क्रियापदाच्या आधी 'न', नंतर 'पा'. ज पार्ल म्हणजे मी बोलते, ज न पार्ल पा म्हणजे मी बोलत नाही. एवढं कळलं की वह्या मिटतात आणि 'मॅडम, निगेटिव्ह झालं, पुढचं घ्या' सुरू होतं. अकरावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेल्यांना तर भलतीच घाई. घोळ पुढेच असतो.

माझी सगळ्यात जास्त लाल शाई भूतकाळावर जाते. 'मी खाल्लं नाही' लिहायला सांगा, निम्मा वर्ग लिहितो: ज ने मांजे पा. मराठीत 'नाही' शेवटी, म्हणून 'पा'ही शेवटी ढकललेला. पण पासे काँपोझेमध्ये, म्हणजे या भूतकाळात, कर्त्याप्रमाणे बदलतं ते साहाय्यक क्रियापद, आव्वार (जवळ असणे) किंवा एत्र (असणे). न-पा त्यालाच धरतात: ज ने पा मांजे. मी तोंडी सराव घेताना 'ज ने पा' म्हटल्यावर सगळ्यांना थांबवते, मग काय केलं नाही ते विचारते. पोरं कंटाळतात, पण परीक्षेत चुकत नाहीत.

दुसरी चूक पुस्तकात कोपऱ्यात असते आणि ताटात येऊन पडते. माझी एक विद्यार्थिनी, पक्की शाकाहारी, लियाँमध्ये एका कुटुंबाकडे राहायला गेली. यजमानीणबाईंनी विचारलं, 'व्हू न मांजे पा द व्यांद?' म्हणजे, तुम्ही मांस खात नाही ना? हिने मराठी सवयीने मान डोलावली, 'वी!', म्हणजे हो. आपल्याकडे 'हो, नाही खात' चालतं. फ्रेंचमध्ये तिथे 'नों', म्हणजे नाही, हवं; आणि खात असाल तर 'वी' नाही, 'सी', नकारार्थी प्रश्नाला द्यायचं 'हो'. बाईंनी हिचं 'वी' खातेच असं धरलं आणि रात्री ताटात कोंबडी आली. नुसतं वी-नों करून सुटू नका, पूर्ण वाक्य बोला: नों, ज न मांज पा द व्यांद.

त्याच वाक्यातला 'द' बघा. होकारात 'द ला व्यांद', नकारात फक्त 'द'. द्यू, द ला, दे, 'थोडं, काही' अशा अर्थाने नामाआधी येणाऱ्या या तिघांचंही तेच होतं. एत्र असेल तर मात्र काही बदलत नाही: स ने पा द ला व्यांद, हे मांस नाही. एमे (आवडणे) बरोबरची ल, ला, ले ही उपपदंसुद्धा जशीच्या तशी: ज नेम पा ल फ्रोमाज, मला चीज आवडत नाही.

जामे (कधीच नाही), रियाँ (काहीच नाही), पेर्सॉन (कोणीच नाही) आले की 'पा'ला सुट्टी. 'पा जामे' लिहिणाऱ्यांना मी अर्धा मार्कही देत नाही.

स्वरापुढे 'न'च्या (ne) स्पेलिंगमधला e गळतो, अपॉस्ट्रॉफी येते; वरचं 'ने' म्हणजे n'ai. विसरू नका.

मूळ क्रियापदापुढे 'न' आणि 'पा' दोघेही एकत्र बसतात: न पा फ्यूमे, धूम्रपान करू नये.

आणि वेब सिरीज बघून 'न' गाळणारे वीर! फ्रेंच माणसं बोलताना 'शे पा' (माहीत नाही) म्हणतात, मान्य. पेपरात मात्र 'ज न से पा' असंच लिहायचं.