कुलंट कमी होतंय पण खाली एक थेंब नाही? मग असं शोधा

सकाळी बॉनेट उघडलं तर बाटलीत कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, मिनच्या खुणेच्याही खाली, आणि गाडीखाली फरशी ठणठणीत कोरडी. तुमचंही असं होऊन राहिलं असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कुलंट असं हवेत उडून जात नसतं. आमच्या चौकातल्या मिस्त्रीनं मला दोन उन्हाळे हेच ऐकवलं, "भाऊ, नागपूरची गरमी हाय, पाणी उडतेच न, टाका अन् चालवा." मीही येड्यासारखा टाकत गेलो. अरे पण सिस्टम बंद असते ना बाप्पा, ढक्कनाला रबरी सील असतं, वर्षभरात बाटलीत बोटभर फरक पडला तर समजू शकतो, माझी बाटली दर बारा-तेरा दिवसांत मॅक्सवरून मिनवर येऊन राहिली होती. म्हणजे कुठून तरी जातच होतं, फक्त मला दिसत नव्हतं.

दिसत काहून नाही, हे समजलं की अर्धं काम झालं. गाडी थंड असते तेव्हा सिस्टममध्ये प्रेशर नसतं, तेव्हा बारीक भेगेतून काहीच येत नाही. गाडी गरम झाली की प्रेशर चढतं, रेडिएटरच्या ढक्कनावर बघा, बहुतेक छोट्या गाड्यांत ०.९ किंवा १.१ बार असं छापलेलं असतं, तेवढ्यापर्यंत ते चढू शकतं. तेव्हा गळती सुरू होते, पण तेव्हा इंजिनही तापलेलं असतं, थेंब एक्झॉस्टवर (धुराच्या पाईपावर) किंवा इंजिनच्या ब्लॉकवर पडला की चर्रर्र करून वाफ होते आणि संपला विषय. उरलाच तर खालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर पडतो, तिथं धूळ-चिखलाचा थर असतोच, तो पिऊन टाकतो. फरशीपर्यंत काही येतच नाही. आणि आपण बघतो कधी? सकाळी, थंड गाडीत. किंवा गरम गाडीत, जिथं हात घालता येत नाही. म्हणून खरी युक्ती एकच आहे, इंजिन थंड पण प्रेशर भरलेलं, अशी अवस्था तयार करायची आणि मग शोधायचं. ती कशी करायची ते खाली येतंच आहे, पण त्याआधी फुकटातली कामं करून घ्या.

पहिलं म्हणजे मोजा. बाटलीवर परमनंट मार्करनं रेघ मारा, तारीख आणि किलोमीटर मोबाईलमध्ये लिहा. बघायचं नेहमी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर आणि सपाट जागेवर, कारण गरम गाडीत लेव्हल वर चढलेली दिसते. रेडिएटरला वेगळा ढक्कन असेल तर थंड असताना तोही उघडून बघा, कधीकधी बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर वरून रिकामा असतो, ढक्कनाचा व्हॉल्व खराब झाला की बाटलीतलं परत ओढलं जात नाही. गरम गाडीचा ढक्कन मात्र कोणी कितीही घाई केली तरी उघडायचा नाही. आतलं पाणी शंभरच्या वर असूनही प्रेशरमुळे उकळत नसतं, ढक्कन सैल केला की एकदम उकळून तोंडावर येतं. फडकं वगैरे काही कामाचं नाही.

आता उन्हाळ्यातला आपल्याकडचा गोंधळ. गाडीखाली पाणी दिसलं की लोक घाबरतात, पण एसी चालू असला की डाव्या सीटच्या पुढच्या बाजूला खाली पाणी टपकतंच. ते साधं, बिनवासाचं असतं, बोटावर घेतलं तर बुळबुळीत लागत नाही. कुलंट बोटावर घोटलं तर चिकट-बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो आणि हिरवा, गुलाबी, निळा असा काहीतरी रंग असतो. चाखून बघायचं नाही. काही जुने मिस्त्री जिभेवर लावतात, मी स्वतः पाहिलंय, पण त्यात इथिलिन ग्लायकॉल असतं, ते विष आहे, आणि गोड असल्यामुळे गल्लीतले कुत्रे चाटतात. सांडलं तर लगेच पाण्यानं धुऊन काढा, काढलेलं कुलंट परातीत उघडं ठेवू नका.

मग खालचं कव्हर काढा. बहुतेक गाड्यांत १० नंबरचे बोल्ट आणि प्लास्टिकच्या क्लिपा असतात, क्लिपा तुटतात, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा नाहीतर पिटवर न्या. कव्हर काढल्यावर ते लगेच धुवायचं नाही, आधी उन्हात नीट बघा. कुलंट वाळलं की मागं पांढरट किंवा त्याच्या रंगाची खपली राहते, कूलरच्या पॅडवर बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो ना, तशी. कव्हरवर जिथं खपली आहे, त्याच्या बरोबर वर किंवा थोडं पुढच्या बाजूला उगम असतो, कारण गाडी चालत असताना हवा थेंब मागं ढकलते. हे लक्षात न घेतल्यानं मी एक पूर्ण रविवार चुकीच्या पाईपाकडे बघण्यात घालवला.

खपली शोधत वर जा. टॉर्च एका हातात, मोबाईलचा कॅमेरा व्हिडिओवर लावून दुसऱ्या हातानं इंजिनच्या मागं सरकवायचा, मग सावलीत बसून व्हिडिओ थांबवत-थांबवत बघायचा. आरशापेक्षा हे लाख पटीनं बरं. बघायच्या जागा म्हणजे होज पाईपांची टोकं आणि क्लिपा, रेडिएटरच्या अॅल्युमिनियम जाळीला प्लास्टिकची टाकी जिथं दाबून बसवलेली असते तो जोड, खालचा ड्रेनचा नॉब, थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाऊसिंग, बाटलीच्या तळाशी केसाएवढी चीर. वॉटर पंप, ज्याला मिस्त्री लोक वॉटर बॉडी म्हणतात, त्याच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की त्यातून गळायला लागतं, तिथून खाली ओघळाची रेघ दिसली तर पंप बदला, ते छिद्र एमसीलनं बुजवू नका. हसू नका, एका गाडीत बुजवलेलं पाहिलंय, पुढं बेअरिंग गेलं.

एक उलटा प्रकारही असतो. काही जोड थंडीतच गळतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली आला की रबर आखडतं, जुनी क्लिप सैल पडते, दोन-चार थेंब येतात आणि गाडी तापली की जोड परत घट्ट. म्हणून हिवाळ्यात कमी होतं आणि उन्हाळ्यात नाही, असं असेल तर क्लिपांपासून सुरुवात करा.

एवढ्यानं सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. हातपंपासारखी वस्तू असते, वर प्रेशर दाखवणारं काट्याचं घड्याळ, खाली रेडिएटरच्या तोंडाला बसणारा अडॅप्टर. ऑनलाईन मिळतो, पण एकदाच लागणार असेल तर चांगल्या रेडिएटरवाल्याकडे असतो, त्याला करायला सांगा आणि तिथंच उभे राहा. गाडी पूर्ण थंड, कुलंट वरपर्यंत भरलेलं, टेस्टर लावायचा आणि ढक्कनावर जेवढा आकडा छापलाय तेवढंच प्रेशर भरायचं, त्याच्यावर नाही, नाहीतर चांगला रेडिएटरही फुटायचा. मग हात बांधून उभं राहायचं. ही पायरी सगळे बिघडवतात, दोन मिनिटं बघतात आणि "काही नाही साहेब" म्हणून टेस्टर काढतात. माझ्या गाडीत पहिली दहा मिनिटं काटा हललाच नाही. वीस मिनिटांनी किंचित खाली आला आणि इंजिनच्या मागून, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूनं, टिप. नंतर दोन-अडीच मिनिटांनी परत टिप. एवढ्यासाठी दोन वर्षं. एवढं झाल्यावर ढक्कनही त्याच टेस्टरवर तपासून घ्या, गळका ढक्कन सगळ्यात स्वस्त चोर असतो.

माझ्याकडं निघालं काय, तर इंजिनच्या मागून एक लोखंडी पाईप वॉटर पंपात जातो, त्याच्या तोंडाला एक ओ-रिंग (रबराची गोल रिंग) असते, ती प्लास्टिकसारखी कडक होऊन चपटी झाली होती. माझ्या गाडीत एक्झॉस्ट त्याच बाजूला आहे, त्यामुळे थेंब पडायचा आणि जळून जायचा. सिग्नलला थांबल्यावर कधीकधी एसीतून गोडसर वास यायचा, बायको म्हणायची काहीतरी जळतंय, मी म्हणायचो पुढच्या ट्रकचं असेल. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं तर तोपर्यंत इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, खोलायचा अंदाजही देऊन टाकला होता. ओ-रिंग चिल्लर पैशात आली, मजुरी मात्र चांगली गेली, कारण तिथपर्यंत पोचायला अर्धी गाडी उघडावी लागते.

टेस्टर परवडत नसेल किंवा काटा पडतो पण थेंब दिसत नाही, तर यूव्ही डाय, म्हणजे खास टॉर्चखाली चमकणारा रंग. कुलंटमध्ये टाकायचा, दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवायची आणि अंधारात नोटा तपासायच्या निळ्या टॉर्चनं बघायचं, गळतीच्या जागी पोपटी चमकतं. मे महिन्यात रात्री लाईट गेली की तेवढाच एक फायदा. काही हिरवी कुलंट आधीच चमकतात, म्हणून डाय टाकायच्या आधी एकदा टॉर्च मारून बघा.

काटा पडतोय आणि बाहेर कुठंच काही नाही, तर मग आत. केबिनमध्ये डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघा, ओलं-चिकट असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसत असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. नागपुरात हीटर लावतो कोण, रामटेकला पहाटे जाताना एखाद्या वेळी, त्यामुळे हे महिनोन्महिने कळत नाही. डिझेल गाडी असेल तर कधी ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कुलंटनं थंड करणारा भाग) आतून फुटतो आणि कुलंट सरळ सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, बाहेर काही खूण नाही. हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलची) शंका असेल तर थंड गाडीत ढक्कन उघडा ठेवून स्टार्ट करा, बुडबुडे थांबतच नसतील, किंवा थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दीड मिनिटातच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर शंका खरी. पक्कं करायला ब्लॉक टेस्ट असते, निळं औषध रेडिएटरच्या तोंडावरच्या हवेतून ओढतात, जळालेला गॅस असेल तर ते पिवळं होतं. तेलाच्या ढक्कनाखाली थोडा पांढरा फेस दिसला म्हणून लगेच हेड खोलू देऊ नका, पावसाळ्यात छोट्या-छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही तो येतो. डिपस्टिकवरचं तेलच चहासारखं झालं असेल तर गोष्ट वेगळी, मग गाडी चालवूच नका.

गळती बंद करायच्या पुड्या-बाटल्यांबद्दल लोक विचारतात. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात, हेही ऐकलं असेल, आणि बारीक छिद्र तात्पुरतं बुजतंही. पण ती पूड फक्त छिद्रातच जाऊन बसत नाही, हीटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही तुंबवते. वर्धा रोडवर रात्री दीडला अडकलात तर टाका, नाहीतर नको. तसंच नळाचं, बोअरचं किंवा कूलरच्या टाकीतलं पाणी ओतत राहू नका, क्षार बसतो, शिवाय कुलंट पातळ झालं की गंज धरतो आणि लवकर उकळतं. लागलंच तर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी.

आणि डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका. नव्या बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा. काटा असला तरी कुलंट पार खाली गेलं की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा उलट खाली पडू शकतो, आपण म्हणतो थंड झाली, आणि आत हेड वाकून राहिलं असतं. आपल्याकडं २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, अशा दिवशी ट्रॅफिकमध्ये अर्धा लिटर कमी कुलंटची गाडी किती वेळ तग धरेल, बघा तुम्हीच. लाल दिवा लागला की एसी बंद, हीटर फुल गरमवर, जागा मिळेल तिथं कडेला आणि इंजिन बंद.

दुरुस्ती झाल्यावर हवा काढायला विसरू नका. हीटर गरमवर ठेवून, ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो सैल करून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभ्यानं चालवा, हात फॅनपासून लांब ठेवा. जुन्या खपल्या पाण्यानं धुऊन टाका, नाहीतर पुढच्या वेळी नवी कोणती, जुनी कोणती कळायचं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत लेव्हल थोडी खाली येते, ती आतली हवा निघाल्यामुळे, तेवढी भरा आणि मार्करची नवीन रेघ तेव्हा मारा. माझी मी नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांच्या, आदल्या दिवशी मारली होती. तिच्यावर आता धूळ बसलीय, लेव्हल तिथंच आहे.