स्ट्रायकर सोंगटीतून आरपार? फिजिक्स इंजिन बदलण्याआधी या चुका तपासा

कॅरमचा गेम करत होतो. जोरात मारलेला स्ट्रायकर कधी कधी सोंगटीला न शिवता थेट पलीकडे जायचा. फिजिक्स इंजिनच, म्हणजे वस्तूंची हालचाल आणि टकरी मोजणारा तयार कोडच भिकार, असं ठरवून मी दुसरं लावलं. आठवडा गेला आणि स्ट्रायकर तिथेही आरपार!

मग कागदावर हिशेब मांडला. इंजिन वस्तूंच्या जागा सलग नाही, टप्प्याटप्प्याने मोजतं. युनिटी या गेम इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात, हा टप्पा मुळात ०.०२ सेकंदाचा असतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने सुटलेला स्ट्रायकर एका टप्प्यात १० सेंटिमीटर सरकतो. स्ट्रायकर आणि सोंगटीचे व्यास मिळून होतात जेमतेम ७ सेंटिमीटर. आता अलीकडे होता, पुढच्या टप्प्याला पलीकडे, मधली टक्कर कुणी बघितलीच नाही. रिजिडबॉडी टूडीमध्ये (वस्तूची हालचाल फिजिक्सच्या हाती देणारा घटक) कोलिजन डिटेक्शन 'डिस्क्रीट'वरून, म्हणजे फक्त टप्प्याच्या शेवटी टक्कर बघण्यावरून, 'कंटिन्युअस', म्हणजे मधली वाटही तपासणारं केलं आणि प्रकार थांबला. नुसतं बॉक्सटूडी (युनिटीच्या टूडीखालचं फिजिक्स इंजिन) वापरत असाल तर स्ट्रायकरला 'बुलेट' ठरवा, तिथली तीच सोय.

याहून छळणारी चूक मापाची. मी हौसेने बोर्ड खऱ्या मापाचा, ७४ सेंटिमीटरचा केला होता. बॉक्सटूडी बेतलंय ते ०.१ ते १० मीटरच्या हलत्या वस्तूंसाठी. वस्तू एकमेकींत ५ मिलिमीटर घुसल्या तरी ते चालवून घेतं. पेटीला ठीक आहे, पण दीड सेंटिमीटर त्रिज्येच्या सोंगटीला ५ मिलिमीटर म्हणजे एक तृतीयांश. शिवाय सेकंदाला १ मीटरपेक्षा हळू झालेली टक्कर उसळी देत नाही. हळुवार मारलेली राणी कडेला जाऊन चिकटून बसते ती यामुळे. सगळं दहापट मोठं करा, वेगही दहापट. आणि घर्षणामुळे वेग ज्या दराने घटतो तो दरही, हे हमखास राहून जातं.

त्या घर्षणासाठी लिनियर डॅम्पिंगचा, म्हणजे इंजिनातल्या वेग कमी करणाऱ्या सेटिंगचा आकडा वाढवत बसू नका. डॅम्पिंग वेगाच्या प्रमाणात असतं, त्यामुळे शेवटी सोंगटी गोगलगायीसारखी सरकत राहते. बोर्डावर वेग सारख्या दराने कमी होतो आणि सोंगटी ठाम थांबते. दर टप्प्याला वेगातून ठरावीक रक्कम वजा करा, शून्याखाली जाऊ देऊ नका. चार ओळींचं काम आहे.

आता निवडीचं. बहुतेकांची निवड गेम इंजिन घेतानाच होऊन गेलेली असते: युनिटीत टूडीखाली बॉक्सटूडी, थ्रीडीखाली फिजएक्स, अनरिअल ५ या गेम इंजिनात केऑस, गोडो या गेम इंजिनात ४.४ पासून थ्रीडीला जोल्टचा पर्याय. डेमोत हजार पेट्या कोसळताना बघून भुलू नका. कॅरम सपाट खेळ आहे, त्याला थ्रीडी इंजिन कशाला? प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) करत असाल तर नायकाला रिजिडबॉडी देऊच नका, तो उतारावरून घसरेल आणि कोपऱ्यात अडकेल. त्याची हालचाल स्वतः लिहा.

इंजिन खरोखर बदलावं लागतं ते बहुधा ऑनलाइन खेळात, जेव्हा दोन फोनवर तोच शॉट स्वतंत्रपणे मोजायचा असतो. दशांशांच्या बारीक फरकाने एकाकडे सोंगटी पॉकेटात आणि दुसऱ्याकडे काठावर! रॅपिअर आणि जोल्ट या फिजिक्स इंजिनांमध्ये सगळ्या मशीनवर तंतोतंत तोच निकाल देणारा पर्याय आहे, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो. मी मात्र शॉट सर्व्हरवर मोजून सोंगट्यांच्या जागा दोघांना पाठवतो. कॅरममध्ये एका वेळी एकच जण खेळतो, थोडा उशीर झाला तरी कुणाला कळत नाही.