कालवा धरा, कच्चा रस्ता सापडेल

गाड्यांचा त्रास नसलेला कच्चा रस्ता सायकलसाठी शोधायचा, तर अर्धी सकाळ विचारपूसीतच जाते. त्यापेक्षा कालवा शोधा.

१. मोबाइलच्या नकाशात सॅटेलाइट दृश्य लावा. धरणातून निघालेला कालवा धरून त्याच्या कडेची पट्टी बघत जा. कालव्याला उतार अगदी कमी, त्यामुळे ही वाटही जवळपास सपाट असते. वीर धरणाकडून बारामतीकडे जाणारा नीरा डावा कालवा सुरुवातीला उत्तम. बाजूला ऊस, वर झाडांची सावली.

२. पट्टी तांबूस दिसली तर मुरूम, बिनधास्त जा. काळी दिसली तर पावसानंतर टाळाच. ती माती मडगार्डमध्ये बसून चाक जाम करते.

बाभळीचे काटे मात्र सगळीकडे. ट्यूबमध्ये आधीच सीलंट (पंक्चरचं भोक आतून बुजवणारा द्रव) भरून घ्या.