नवीन लॅपटॉपवर गेम अडकत होता, शेवटी असा सुटला

धाकट्या भावासाठी नवीन लॅपटॉप घेतला, लालबागला घरी आणून गेम लावला तर ३० एफपीएसच्या (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वर जाईचना, वेगळं ग्राफिक्स कार्ड असून! पोराचं तोंड बघवेना. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट केले, काही फरक नाही. मग गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब बघितला तर कार्ड जवळपास रिकामं आणि सगळा भार प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथे त्या गेमला हाय परफॉर्मन्स निवडलं आणि लगेच ६० च्या आसपास गेला. खूप बरं वाटलं.

तरी मध्येमध्ये झटके येतच होते. रॅम बघितली तर ८ जीबीची एकच स्टिक, म्हणजे सिंगल चॅनल (डेटा एकाच वाटेने जाणार), दुसरा स्लॉट रिकामा. लॅमिंग्टन रोडला जाऊन त्याच स्पीडची अजून एक ८ जीबी घेतली, दुकानदाराने तिथेच बसवून दिली, झटके गेले. आणि खेळताना चार्जर लावूनच ठेवा, बॅटरीवर कार्डाचा वेग उतरतो. भाऊ गादीवर ठेवून खेळायचा, त्याने खालच्या हवेच्या जाळ्या बंद होतात आणि आपल्या मुंबईच्या उकाड्यात तापून परत स्लो, आता टेबलावरच ठेवतो.