जुने स्पीकर रिसीव्हरला जोडण्याआधी ओहमचा हिशेब

जुनी जोडी माझ्या टेबलावर आली की कंपनी कोणती हे मी नंतर विचारते. आधी विचारते, ‘आत्तापर्यंत हे कशाला जोडलं होतं?’ सांगली-मिरजेत जुन्या स्पीकरांची सरमिसळ फार. कुणाकडे आखातातून आलेल्या जपानी सिस्टिमचे बॉक्स, कुणाकडे मुंबईहून आणलेली जर्मन जोडी, कुणी शाळेच्या हॉलमधले कॉलम भंगारातून उचललेले, तर कुणी रेडिओतला स्पीकर काढून लाकडी पेटीत बसवलेला. दिसायला सगळे सारखेच, मागे दोन टर्मिनल. पण रिसीव्हरवर, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र असलेल्या पेटीवर, पडणारा भार प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो ओळखल्याशिवाय वायर जोडू नये.

मूळ गोष्ट अशी. रिसीव्हर व्होल्टेज देतो आणि करंट किती ओढायचा ते स्पीकर ठरवतो. समजा व्हॉल्यूमच्या एका जागी रिसीव्हर २० व्होल्ट देतोय. ८ ओहमचा स्पीकर २.५ अँपिअर घेईल, म्हणजे ५० वॉट. त्याच जागी ४ ओहमचा स्पीकर ५ अँपिअर मागेल, म्हणजे १०० वॉट. आवाज वाढल्यावर ऐकणारा खूश होतो, पण दुप्पट करंट आउटपुट ट्रान्झिस्टरमधून आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, तापत राहतो. म्हणून ट्रान्झिस्टरच्या रिसीव्हरपुरतं लक्षात ठेवा: ओहम जास्त असलेले चालतात, कमी असलेल्यांची काळजी घ्यायची.

१५-१६ ओहमचे जुने ब्रिटिश स्पीकर मिळाले तर घाबरायचं काहीच कारण नाही. बीबीसीने घडवलेला एलएस३/५ए हा स्पीकर सुरुवातीला १५ ओहमचाच होता, टॅनॉय कंपनीचे जुने स्पीकरही त्याच आकड्याच्या आसपासचे. ८ ओहमच्या तुलनेत रिसीव्हर त्यांना निम्मी ताकद देतो, पण निम्मी ताकद म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी. नॉब थोडा पुढे न्यायचा, झालं. ‘सोळा ओहमचे आहेत, उठणार नाहीत’ असं सांगून कुणी चांगली जोडी स्वस्तात मागत असेल तर देऊ नका.

आता मोजणी. मागच्या पत्र्यावरचा आकडा हा ढोबळ असतो. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे वाजताना करंटला होणारा त्याचा विरोध, प्रत्येक स्वराला बदलतो. ८ ओहमचा वूफर (खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) आपल्या रेझोनन्सजवळ, म्हणजे ज्या स्वराला तो आपसूक जास्त हलतो तिथे, ३० ओहमच्याही वर जातो आणि त्याच्या पुढच्या भागात, शे-दोनशे हर्ट्झच्या आसपास, सगळ्यात खाली येतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा तळ लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ ओहमला ६.४ आणि ४ ओहमला ३.२. सगळ्या जुन्या उत्पादकांनी हे पाळलंय असं नाही. आपल्या घरातल्या मल्टिमीटरला इम्पीडन्स कळत नाही, त्याला फक्त डीसी रेझिस्टन्स कळतो. तरी कामापुरता अंदाज त्यातून पक्का मिळतो.

स्पीकरच्या दोन्ही वायरी रिसीव्हरपासून सोडवा. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. ०.३ किंवा ०.४ असं काहीतरी येईल, ते प्रोबचं आहे, नंतर वजा करायचं. टर्मिनल काळं पडलं असेल तर बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, नाहीतर आकडा नाचत राहतो. मग प्रोब टेकवा. त्या क्षणी वूफरमधून हलकीशी ‘खर्र’ येते. ती आली म्हणजे कॉइल जिवंत आहे. आकडा स्थिर होऊ द्या. ५.५ ते ७ च्या दरम्यान आला तर ८ ओहमचा स्पीकर, ३ ते ३.७ आला तर ४ ओहमचा, ११ ते १३ आला तर १५-१६ ओहमचा. साडेचारच्या आसपास आला तर ६ ओहमचा. नव्वदच्या दशकातल्या जपानी मिनी सिस्टिमचे बॉक्स बरेचदा या ६ ओहमवाल्यात निघतात. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, हाताने दाबून धरू नका, कोन हलला की आकडाही हलतो.

या मोजणीत ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, दिसत नाही. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि मीटरचा डीसी तिथेच अडतो. म्हणजे बॉक्सच्या टर्मिनलवर जो आकडा दिसतो तो वूफरचा. ट्वीटर तपासायचा तर बॉक्स उघडून त्याची एक वायर सोडवून थेट त्याच्यावर मोजा.

गावभागातले एक काका मध्यंतरी जर्मन बॉक्सची जोडी घेऊन आले. “ताई, विकणारा म्हणाला आठच ओहम, पाटी तेवढी पडलीय.” पाटी खरंच नव्हती, पण वायरीच्या टोकाला एक चपटी आणि एक गोल अशी पिन असलेला जुना डीआयएन प्लग होता. तो दिसला की माझा संशय आधी ४ ओहमवर जातो, कारण त्या काळच्या जर्मन घरगुती स्पीकरांत ४ ओहमचाच रिवाज होता. मोजले तर एक ३.४, दुसरा ३.५. मग त्यांच्या रिसीव्हरची पाठ पाहिली. तिथे लिहिलं होतं: ए किंवा बी, ४ ते १६ ओहम; ए अधिक बी, ८ ते १६ ओहम. “काका, एकट्या ए वर बिनधास्त वाजवा. पण माजघरातली दुसरी जोडी बी वर लावून दोन्ही बटणं एकदम दाबायची नाहीत.”

बहुतेक रिसीव्हर ए आणि बी या जोड्या आतून पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडतात. ८ आणि ८ मिळून ४ होतात. ८ आणि ४ मिळून किती? गुणाकार भागिले बेरीज, ३२ भागिले १२, म्हणजे २.६७. काकांच्या घरी दुसरी जोडी ८ ओहमची होती, दोन्ही बटणं दाबली की हाच भार पडला असता. काही रिसीव्हर मात्र दोन्ही जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक, घेतात. ओळखायची खूण सोपी आहे: फक्त ए ला स्पीकर जोडा, बी रिकामं ठेवा आणि ए अधिक बी निवडा. आवाज बंद पडला तर जोडणी सिरीजची आहे. तिथे ओहम कमी होण्याची भीती नाही, पण वेगवेगळ्या जातीच्या दोन जोड्या सिरीजमध्ये वाजवल्या की बास बिघडतो.

४ ओहमच्या स्पीकरला सिरीजमध्ये ४ ओहमचा सिमेंट रेझिस्टर लावून ‘८ ओहम करून घेण्याचा’ सल्ला सर्रास दिला जातो. रिसीव्हर वाचतो हे खरं. पण जवळजवळ अर्धी ताकद त्या रेझिस्टरची भट्टी पेटवण्यात जाते आणि कोनवरची रिसीव्हरची पकड सुटते. तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा भोंगळ होतो. ज्या गावात तंबोरे बनतात तिथे बसून मला हे पटत नाही. ४ ओहम सोसणारा रिसीव्हर शोधा, नाहीतर जोडी बदला.

दोन पाहुणे वेगळे ओळखायचे. शाळा-देवळातले कॉलम आणि कर्णे बरेचदा १०० व्होल्ट लाइनचे असतात, आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. १० वॉटच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीच्या टोकावर) त्याचा भार १००० ओहम भरतो. घरच्या रिसीव्हरवर तो जेमतेम कुजबुजेल. आतला ट्रान्सफॉर्मर बाजूला करून थेट युनिट मोजा. दुसरा पाहुणा फिलिप्सचा ८०० ओहमचा स्पीकर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह रेडिओंसाठी केलेला. मीटर शेकड्यांत आकडा दाखवतो म्हणून कॉइल गेली समजून फेकू नका, त्याला हवं असणारं माणूस भेटतं.

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल तर तिथे स्पीकरचा ओहम पाहून ४, ८ किंवा १६ चा टॅप निवडायचा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवायचा नाही. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज चढून इन्सुलेशन फुटू शकतं.

सांगलीकरांसाठी एक खास गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात भिजलेले स्पीकर अजून माळ्यावरून खाली येतात. त्यांचा ओहम अगदी बरोबर निघतो, तरी ते वाजवायच्या लायकीचे असतीलच असं नाही. मॅग्नेटच्या फटीत गंज फुगलेला असतो. चारही बोटं कोनवर सारख्या अंतरावर ठेवून हलकेच आत दाबा. कुठेही घासल्याचं जाणवलं तर तो स्पीकर रिसीव्हरला लावू नका, कॉइल खरवडून शॉर्ट झाली की ओहम अचानक शून्याकडे जातो.

वायर दुकानात मागताना आकडा सांगून मागा. रिसीव्हरपासून स्पीकर ५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १४/७६ ची, म्हणजे १४ तारांची, बारीक वायर एवढ्या अंतराला साधारण ०.४ ओहम खाते, ४ ओहमच्या स्पीकरसाठी हे फार झालं. ४०/७६ घेतली तर ०.१५ वर येतं. टोकाची एकही तार बाहेर लोंबून शेजारच्या टर्मिनलला टेकणार नाही हे पाहा.

रिसीव्हर वर्षानुवर्षं बंद असेल तर आधी स्पीकर न जोडता, ६० वॉटच्या साध्या तारेच्या (एलईडी नव्हे) बल्बच्या सिरीजमधून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. मंद झाला तर रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्ट चालतील, अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर आधी दुरुस्ती. मग बल्ब काढा, स्पीकर जोडा आणि नेहमीच्या आवाजात अर्धा तास गाणं लावा. रिसीव्हरच्या वर काहीही ठेवलेलं नको. अर्ध्या तासाने बंद करून, प्लग काढून हीटसिंकला हात लावा. कोमट किंवा गरम असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर तो भार त्या रिसीव्हरला झेपत नाहीये.