भाड्याचं घर पावसाळ्याला तयार करताना

मेच्या पहिल्या आठवड्यात घराचं बुकिंग घेऊ नका. मुंबई-पुण्याच्या मालकांना हे पटवणं अवघड जातं, कारण उत्पन्नाचे मुख्य दिवस तेच असतात. पण मी कोकणात, दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या अंजर्ल्यात राहून मुरूड-हर्णैपर्यंतची काही घरं मालकांसाठी सांभाळते. तो आठवडा ज्यांनी दुरुस्तीला दिला आणि ज्यांनी दिला नाही, त्यांची घरं सप्टेंबरमध्ये दार उघडताच वासावरून ओळखू येतात. मृग 7 जूनच्या आसपास लागतो, पण वळीव त्याच्यासाठी थांबत नाही, आणि 2025 साली तर मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत पोचला होता. शिवाय मेच्या शेवटी सगळ्या गावाची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, एकदम सुरू असते, तेव्हा कामाला माणूस मिळत नाही.

आधी छप्पर. कौलारू घर असेल तर शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून साफ करून पुन्हा नीट बसवणं, करून घ्या, आणि ‘फुटकी कौलं तेवढी बदला’ असं सांगून मोकळे होऊ नका. मंगलोरी कौलाच्या खाचांत पाला, माती आणि शेवाळ साचलं की कौल धड असूनही पाणी उलटं आत येतं. म्हणून कौलं उतरवायची, घासायची, आणि उतरवलेलीच आहेत तर खालच्या रिपा नि वासे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघायचे. टोक सहज आत गेलं तर लाकूड वाळवीने पोखरलंय किंवा कुजलंय. ते तेव्हाच बदलायचं. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, तेव्हा जुनं घर पाडताना कुणाकडे तुमच्याच छापाची कौलं निघाली तर थोडी घेऊन पडवीत रचून ठेवा. माकडांची टोळी छपरावरून गेली की जुलैतही ती लागतात.

पत्र्याचं छप्पर असेल तर हूक आणि रबरी वॉशर बघा. उन्हाने रबर तडकतं, खाऱ्या वाऱ्याने हूक आतून खाल्ला जातो आणि वरून मात्र शाबूत दिसतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. छपरावरची प्लास्टिकची टाकी पावसाळ्यात रिकामी ठेवू नये. भरलेली टाकी वाऱ्याला दाद देत नाही. माडाच्या सुकलेल्या झावळ्या आणि नारळही आधीच उतरवून घ्या.

स्लॅबची गच्ची असेल तर पाण्याची वाट बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा, दोन दिवस राहू द्या आणि खालच्या खोलीचं छत बघा. डाग उमटला तर गळती कुठे आहे ते मेमध्येच कळतं, जेव्हा काही करता येतं. बहुतेक वेळा ती कठड्याची भिंत आणि गच्ची मिळते तिथे असते. तिथली फट भरून सिमेंटचा गोलसर वाटा नीट करून घ्यावा. गच्चीचे पाइप वरून पाणी ओतून तपासा.

पाऊस इथे नैर्ऋत्येच्या वाऱ्यासोबत आडवा येतो, त्यामुळे समुद्राकडची भिंत आणि खिडक्या सगळा मार खातात. हल्ली सगळीकडे सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतात. त्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. वाळू आणि मिठाने ती बुजली की पट्टी भरते आणि पाणी थेट गादीवर येतं. तारेने ती मोकळी करायला पाच मिनिटं लागतात, आणि गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या ओल्या गाद्यांपैकी बऱ्याच एवढ्याने वाचल्या असत्या. पडवीला झाप (माडाच्या झावळ्यांचा विणलेला पडदा) किंवा जाड ताडपत्री बांधाच. पागोळ्यांचं पाणी पडतं तिथे खडी किंवा चिऱ्याचे तुकडे पसरा, नाहीतर माती उडून जांभ्याच्या भिंतीला लागते आणि ओल जोत्यावरून वर चढते. परसातले चर मोकळे करून पाणी घरापासून लांब काढून द्या.

लाकडी दारं पावसात फुगतात. भाडेकरू वैतागून सुताराला बोलावतो आणि तो रंधा मारून देतो. मग थंडीत लाकूड आटलं की तिथे फट पडते. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा, ज्यांना कुणी कधी रंग देत नाही, त्यांना मेमध्येच तेल किंवा वॉर्निश द्या.

विजेसाठी एकच आग्रह: वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा 30 मिलीअँपिअरचा गळती-रोधक ब्रेकर हवाच, आणि त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो की नाही हे बघितलेलं हवं. भिंती ओल्या असताना माणसाचा जीव त्याच्यावर असतो.

आता बंद घराचं. मालक फोनवर म्हणतात, “वहिनी, घर बंदच आहे, तर खराब कशाने होणार?” बंद असल्यानेच होतं. चूल नाही, पंखा नाही, दार उघडत नाही, हवा तीच तीच कोंडून राहते. गळणाऱ्या घरात राहणारा माणूस रात्री उठून घमेलं ठेवतो. बंद घरातली बारीक गळती चार महिने कुणालाच दिसत नाही आणि तेवढ्यात आढ्याचा वासा कुजतो. म्हणून गावातल्या माणसाला पगार ठरवून द्या. नुसतं ‘लक्ष असू द्या’ म्हणून भागत नाही. आठवड्यातून एकदा, उघडीप बघून, त्याने सगळ्या खिडक्या उघडाव्यात, तासभर पंखे चालवावेत, मोऱ्यांत पाणी ओतावं आणि छत, भिंतींचे खालचे कोपरे नि मीटरची पेटी यांचा व्हिडिओ तुम्हाला पाठवावा. जाण्यापूर्वी गाद्या उभ्या करा, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, फ्रिज पुसून दार उघडं ठेवा, गॅस बंद करा. तेवढा पगार देणं परवडत नसेल तर ते घर भाड्यानेच द्या, अगदी कमी भाड्यात, शाळेच्या मास्तरांना किंवा बँकेत बदली होऊन आलेल्या कुटुंबाला. घरात माणूस राहिल्याचा फायदा भाड्याइतकाच मोठा असतो.

भाडेकरू असेल तर करार नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती मालकाची जबाबदारी आहे. त्यात साध्या मराठीत लिहा की छप्पर, भिंती आणि वायरिंग मालकाकडे, तर पन्हळ-पाइप साफ ठेवणं आणि गळती दिसताच कळवणं भाडेकरूकडे. गळती सांगितल्याबद्दल भाडेकरूला कधी बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

विमा उतरवा. ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून मिळते आणि वादळ, पूर, वीज, दरड यांचं नुकसान तिच्यात धरलेलं असतं. घर भाड्याने दिलंय हे अर्जात स्पष्ट लिहा. हळूहळू मुरणारी ओल मात्र विम्यात बसत नाही, ती शाकारणीनेच थांबते. मेमध्ये काम झालं की प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा. घरपट्टीची पावती आणि असेसमेंटचा उतारा (ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीची नक्कल) गावातल्या माणसाकडे असू द्या. निसर्ग वादळानंतर पंचनामे झाले तेव्हा टाळेबंदीमुळे कितीतरी मालक मुंबईत अडकलेले होते.

पाऊस गेला की दिवाळीच्या बुकिंगसाठी लगेच रंग काढायची घाई होते. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वरून कोरडी वाटते, पण जांभा आतून ओला असतो, आणि वर प्लास्टिक रंग लागला की ती ओल अडकून पुढच्या वर्षी पोपडे निघतात. दिवाळीला नुसतं घासूनपुसून घ्या. रंग जानेवारीनंतर, आणि जुन्या चिऱ्याच्या भिंतीला शक्यतो चुन्याचाच.